दिशेचा आरंभ कोठून?

तंजावरहून रामेश्वराकडे जाणाऱ्या यात्रेकरूंच्या वाटेवर ओरत्तनाडु हे गाव लागते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी दुसऱ्या सरफोजी महाराजांनी येथे मुक्तांबा हिच्या स्मरणार्थ अन्नछत्र स्थापन केले. १७९९ च्या तहाने तंजावरचा राज्यकारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला. तथापि वाटसरूंना अन्न व आसरा देणारी ही छत्रे महाराजांनी आग्रहाने आपल्याच हाती ठेवली. दूर महाराष्ट्रातून आलेल्या एखाद्या यात्रेकरूने पुढचा मुक्काम कोणत्या दिशेस, असे तंजावरात विचारले असते, तर ‘आग्नेयेस, एका दिवसाच्या चालीवर’ एवढे उत्तर त्याला पुरेसे झाले असते. पायाखाली मळलेली वाट होती आणि चुकल्यास विचारावयास माणसे होती.

नकाशा काढणाऱ्याला मात्र असे भागत नाही. त्याला विचारावे लागते, आग्नेय म्हणजे नेमकी किती? तंजावरच्या मोठ्या देवळापासून ओरत्तनाडु दक्षिणेकडे सुमारे १८ किलोमीटर व पूर्वेकडे सुमारे १३ किलोमीटर आहे. या दोन अंतरांवरून सरळ रेषेतील अंतर २२ किलोमीटरांच्या आसपास निघते, आणि उत्तरेपासून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने मोजत गेल्यास या रेषेचा कोन सुमारे १४४ अंश भरतो. यालाच दिगंश म्हणतात. परतीच्या प्रवासात त्यात १८० मिळवावयाचे, म्हणजे ओरत्तनाडूहून तंजावरचा दिगंश ३२४ अंश.

आता हीच रेषा शाळेत भूमिती शिकविणाऱ्या गुरुजींपुढे ठेवावी. ते कोन पूर्वेकडील अक्षापासून मोजतात आणि तोही घड्याळाच्या उलट दिशेने. त्यांच्या हिशेबी ही रेषा ३०६ अंशांवर आहे. जुन्या पद्धतीचा मोजणीदार ‘दक्षिणेपासून पूर्वेकडे ३६ अंश’ असे लिहील. रेषा एक, गावे तीच. अंक मात्र तीन. तिघांपैकी चुकला कोणीच नाही. प्रत्येकाने मोजणीचा आरंभ निराळ्या ठिकाणापासून केला, एवढेच.

अक्षांच्या बाबतीतही असाच भेद आहे. गणिताच्या पुस्तकात पहिला अक्ष पूर्वेकडे व दुसरा उत्तरेकडे जातो. सर्वेक्षणात पुष्कळदा पहिला अक्ष उत्तरेकडे व दुसरा पूर्वेकडे धरतात. सर्वेक्षकाने ओरत्तनाडूसाठी ‘उणे १८, अधिक १३’ अशी जोडी लिहिली आणि ती गणिताच्या रीतीने वाचली गेली, तर वाचणारा १८ किलोमीटर पश्चिमेस व १३ किलोमीटर उत्तरेस जाईल. आग्नेयेस निघालेला मनुष्य वायव्येस पोहोचेल. अंक बरोबर, चिन्हे बरोबर, बेरीज-वजाबाकीही बरोबर. तरीही मुक्काम हातचा जाईल.

यावर कोणी म्हणेल की, उत्तर दिशेपासून मोजावयाचे असे एकदा ठरविले म्हणजे वाद मिटला. परंतु उत्तर तरी कोणती? पृथ्वीच्या भ्रमणाक्षाच्या टोकाकडे जाणारी ती खरी उत्तर. होकायंत्राची सुई दाखविते ती चुंबकीय उत्तर. ती स्थळागणिक निराळी असते आणि काळानुसार सरकतही राहते. दक्षिण भारतात आज तिचा कल खऱ्या उत्तरेच्या पश्चिमेस एखाद-दोन अंश आहे. नकाशावर आखलेल्या उभ्या रेषांची उत्तर ही तिसरी. गोल पृथ्वी सपाट कागदावर आणताना या रेषा एका मधल्या रेखावृत्ताला समांतर काढतात. आजच्या अनेक भारतीय नकाशांत तंजावरच्या भागासाठी हे मधले रेखावृत्त ८१ अंश पूर्व असे आहे. तंजावर त्याच्या पश्चिमेस असल्यामुळे तेथे कागदावरची उत्तर खऱ्या उत्तरेपासून सुमारे एक-तृतीयांश अंशाने पश्चिमेकडे झुकलेली आढळते. हे फरक क्षुल्लक वाटतील. पण तंजावरहून निघताना एका अंशाची चूक झाली, तर ओरत्तनाडूच्या अंतरापर्यंत ती जवळजवळ चारशे मीटर होते. ज्याचे शेत त्या चारशे मीटरांत आहे, त्याला ती क्षुल्लक वाटणार नाही.

खरी उत्तर शोधण्याची विद्या आपल्याकडे फार जुनी आहे. सपाट जमिनीवर शंकू उभा करावा, त्याच्याभोवती वर्तुळ काढावे, आणि सकाळी व दुपारनंतर छायेचे टोक वर्तुळास जेथे जेथे स्पर्श करील तेथे खुणा कराव्यात. त्या खुणा जोडणारी रेषा ती पूर्व-पश्चिम. मंडप व वेदी यांची आखणी या रेषेवरून होई. सर्वेक्षणाला याहून सूक्ष्म साधन हवे होते, आणि ते ध्रुवताऱ्याने दिले. ध्रुवतारा अगदी ध्रुवावर नाही, इ. स. १८०० च्या सुमारास तो तेथून सुमारे पावणेदोन अंश दूर होता. म्हणून तो आपल्या लहानशा फेऱ्यात अगदी पूर्वेच्या किंवा अगदी पश्चिमेच्या टोकाला आला, म्हणजे त्याचा वेध घेत. त्या क्षणी तारा आडवा न सरकता केवळ उभा सरकत असतो. त्यामुळे घड्याळ थोडे पुढेमागे असले तरी दिशा बिघडत नाही.

या विद्येच्या बळावर विल्यम लॅम्बटन याने १८०२ साली मद्रासजवळच्या सेंट थॉमस माउंट येथे आधाररेषा मोजून दक्षिण भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणास हात घातला. साडेसात मैलांची ती रेषा मोजण्यास ५७ दिवस लागले. पुढे साखळीचे काम थोडे आणि कोनांचे काम फार. एक बाजू व कोन कळले की त्रिकोणाच्या उरलेल्या बाजू गणिताने निघतात, आणि त्यांवर पुढचे त्रिकोण उभे राहतात. त्याचे कोन मोजण्याचे यंत्र, म्हणजे थिओडोलाइट, लंडनच्या केरी या कारागिराने घडविलेले होते. वजन सुमारे अर्धा टन, आणि अंशांच्या खुणा असलेल्या चक्राचा व्यास तीन फूट. हिंदुस्थानात येताना ते वाटेत फ्रेंचांच्या हाती सापडले होते. पण शास्त्राची बूज राखून त्यांनी ते परत पाठविले.

कावेरीचा सपाट प्रदेश आला तेव्हा टेकड्या संपल्या. दूरवर दृष्टी पोहोचावी अशी उंची देवळांच्या शिखरांनाच होती. १८०८ साली तंजावरच्या देवळावर यंत्र चढविताना दोर तुटला आणि यंत्र भिंतीवर आदळले. चक्राचा घेर वाकला. तशा तोडीचे दुसरे यंत्र आणावयाचे तर ते विलायतेहून, आणि तोवर सारे काम बंद. लॅम्बटनने यंत्र सुटे केले. एका मोठ्या फळीवर चक्राच्या मूळ मापाचे वर्तुळ कोरले, आणि पाचरी, मळसूत्रे व कप्प्या यांच्या साहाय्याने वाकलेला घेर अंशाअंशाने ओढून त्या वर्तुळात बसविला. सहा आठवड्यांनी यंत्र पुन्हा कामास लागले.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. यंत्रात दोष राहिला असता तर तो लपला नसता. त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज, पृथ्वीच्या गोलाईमुळे येणारी किंचित वाढ वगळता, १८० अंश भरावी लागते. ती भरली नाही की मोजणारा सावध होतो. परंतु आरंभीची उत्तरच चुकली, तर सर्व त्रिकोण आपापल्या ठिकाणी निर्दोष राहतात, सर्व बेरजा जुळतात, आणि अवघा देश कागदावर तेवढ्याच कोनातून फिरतो. आतल्या आत कितीही तपासले तरी हा दोष सापडत नाही. म्हणूनच सर्वेक्षक त्रिकोणांची साखळी लांबत गेली की पुन्हापुन्हा आकाशाकडे पाहतो. जमिनीवरच्या हिशेबाची साक्ष जमिनीबाहेरून काढावी लागते.

समुद्रावर हे अधिकच प्रत्ययास येते. ओरत्तनाडूच्या दक्षिणेस, पट्टुकोट्टैच्या पलीकडच्या किनाऱ्यावर, सरफोजी महाराजांनी नेपोलियनच्या पराभवाचे स्मारक म्हणून मनोरा बांधला. जहाजावरून अशा एका मनोऱ्याचा दिगंश घेतला, तर आपण कोणत्या रेषेवर आहोत एवढेच कळते. दुसऱ्या खुणेचा दिगंश घ्यावा, तेव्हा दोन रेषांच्या छेदात आपले स्थान सापडते. पण सुईचा कल वजा करण्यास तांडेल विसरला, तर दोन्ही रेषा सारख्याच चुकतात, छेद तरीही होतो, आणि जहाज जेथे नाही तेथे ते आहे अशी त्याची खात्री पटते.

आज उपग्रह स्थान सांगतात आणि हातातला भ्रमणध्वनी दिशा दाखवितो. तरी त्या लहानशा बाणालाही उत्तर कोणती, खरी की चुंबकीय, हे कोणीतरी आधी ठरवून द्यावेच लागते. मोजणी कार्यालयातील उताऱ्यावर किंवा अभियंत्याच्या आराखड्यावर उत्तरेचा बाण असतो, तो शोभेसाठी नव्हे. तो कोणत्या उत्तरेचा आहे हे शेजारी लिहिलेले नसेल, तर खालचे सारे अंश अर्धेच सांगितलेले आहेत असे समजावे.

लॅम्बटन हे काम करीत उत्तरेकडे सरकत राहिला, आणि २० जानेवारी १८२३ रोजी विदर्भातील हिंगणघाट येथे त्याचा मृत्यू झाला. तेथेच त्याची कबर आहे. काम त्याच्यामागून जॉर्ज एव्हरेस्टकडे आले. त्याला मागचे सारे काम पुसून नव्याने आरंभ करावा लागला नाही; कारण प्रत्येक कोन कोठून मोजला हे त्याच्या आधीच्या माणसाने लिहून ठेवले होते.