पास म्हणजे पाऊल

आम्ही नरसी नामदेवच्या बचत गटातल्या बाया बोलतोय. आज आपल्याला एका शब्दाविषयी बोलायचं आहे. शब्द इंग्रजी आहे, पण आपल्या घरात तो इतका मुरला आहे की ज्या आजीला सही येत नाही तीसुद्धा तो रोज बोलते. तो शब्द म्हणजे ‘पास’.

दिवसभरात आपण तो कुठं कुठं वापरतो बघा. पोरगी दहावी पास झाली. गटाचं कर्ज पास झालं. ग्रामसभेत ठराव पास झाला. कॉलेजच्या पोरीचा एसटीचा पास काढायचा राहिला. बँकेत जाऊन पासबुकावर एन्ट्री मारून आणली. मोबाईलचा पासवर्ड नातवाला ठाऊक आहे, आजीला नाही. रस्त्यानं नवी जीप गेली तर पोरं लगेच सांगतात, ‘एमएच ३८ पासिंग आहे, म्हणजे आपल्या हिंगोलीची.’ गावाबाहेरून जातो तो बायपास, आणि मामांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं तेही बायपास. शेंगा फोडत बसलं की टाइमपास.

एवढ्या ठिकाणी एकच शब्द कसा काय चालतो? आम्हाला हा प्रश्न पडला आणि आम्ही त्याच्या मुळाशी गेलो.

आधी एक घोटाळा मिटवू. आपल्या मराठीतही ‘पास’सारखा आवाज आहे. आसपास, घरापासून, आईपाशी. पण ते शब्द आपल्याच घरचे. संस्कृतात ‘पार्श्व’ म्हणजे बाजू, कूस. त्यावरून पाशी आणि पासून आले. त्यांचं या इंग्रजी पासशी नातं नाही. आवाज सारखा, कूळ वेगळं. एका आडनावाची दोन घरं गावात असतात, पण भावकी नसते, तसंच हे.

आता इंग्रजी पासचं कूळ. इंग्रजांनी हा शब्द फ्रेंच लोकांकडून घेतला आणि फ्रेंचांकडे तो जुन्या रोमच्या लॅटिन भाषेतून आला. इंग्रजीत तो रुळला साधारण तेराव्या शतकात. आपल्या नामदेव महाराजांचा जन्म १२७० सालचा, म्हणजे त्याच शतकातला. लॅटिनमध्ये ‘पासुस’ म्हणजे पाऊल. पाय फाकवून टाकलेलं लांब पाऊल. त्यावरून क्रियापद झालं: पाऊल टाकणं, चालत जाणं, ओलांडून पुढं जाणं.

रोमचे सैनिक रस्ता पावलांनी मोजायचे. डावा पाय टेकला, मग उजवा, आणि पुन्हा डावा टेकला की एक पासुस. असे हजार झाले की एक टप्पा. हजाराला लॅटिनमध्ये ‘मिले’ म्हणत. त्यावरून इंग्रजीत ‘माइल’ आला आणि आपल्याकडे त्याचा ‘मैल’ झाला. म्हणजे पंढरीची वाट किती मैल आहे असं आपण म्हणतो, तेव्हा नकळत हजार-हजार पावलांचाच हिशोब करतो.

पाऊल हा अर्थ धरला की बाकीचे सगळे अर्थ सुटत जातात. पुढं जाऊ द्यायची चिठ्ठी म्हणजे पास. पॅसेंजर म्हणजे वाटेनं जाणारा. गाडी, आगगाडी पुढं आली. पासपोर्टमधला ‘पोर्ट’ म्हणजे बंदर किंवा वेस. ती ओलांडायची परवानगी. पासवर्ड म्हणजे पहारेकऱ्याला सांगायचा शब्द. तो बरोबर सांगितला तर आत सोडतो, चुकला तर अडवतो. म्हणूनच तो कोणालाही सांगायचा नसतो. बँकेतून बोलतोय असं सांगून कोणी फोनवर पासवर्ड, पिन किंवा ओटीपी मागितला, तर तो आपल्या घराच्या दाराची किल्लीच मागतो आहे असं समजा आणि फोन ठेवून द्या. इंग्रजीत माणूस वारला तरी ‘पास’ शब्द वापरतात. आपणही म्हणतोच की, ‘म्हातारी गेली’. तिथंही पाऊलच.

पासबुकाची गंमत वेगळी आहे. परीक्षेशी त्याचा काही संबंध नाही. खातेदाराच्या हातातून बँकेच्या हातात आणि बँकेच्या हातातून पुन्हा खातेदाराच्या हातात, असं इकडून तिकडं जाणारं पुस्तक म्हणून ते पासबुक. आपल्या देशात १८८२ साली पोस्टाची बचत बँक सुरू झाली, तेव्हापासून खेड्यापाड्यांत हे पुस्तक ओळखीचं झालं. त्याचा अर्थच सांगतो की ते फिरतं राहिलं पाहिजे. मैत्रिणींनो, आता आपापल्या मनाला विचारा. तुमचं पासबुक या घडीला कोणाकडं आहे? कपाटात असेल तर शेवटची एन्ट्री कधी मारली? मालकाच्या, दिराच्या नाहीतर आणखी कोणाच्या पिशवीत वर्षभर पडून असेल, तर ते पुस्तक चालायचं थांबलं आहे. गटाचं पासबुकही तसंच. दर बैठकीत ते मधोमध ठेवायचं, लिहिता-वाचता येणाऱ्या बाईनं शिल्लक मोठ्यानं वाचायची आणि बाकीच्यांनी ऐकायची. पंचसूत्रीत हिशोब लिहिणं सांगितलं आहे ते एवढ्याचसाठी.

आता ‘ठराव पास झाला’ घ्या. इंग्रजीत हे बोलताना बहुतेक वेळा करणारा पुढं येतो, म्हणजे सभेनं ठराव पास केला. आपण मात्र म्हणतो ‘पास झाला’. पाऊस झाला, पीक झालं, तसा ठराव झाला. जणू तो आपोआपच चालत गेला! कर्ज पास झालं, बिल पास झालं, यातही कोणी केलं ते दिसत नाही. बोलायला ते सोपं आहे, पण करणारा झाकला जातो. म्हणून आमच्या गटात आता कोणी ‘पास झालं’ म्हटलं की दुसरी विचारते, ‘कोणी केलं? तू होतीस का तिथं?’

हा प्रश्न ग्रामसभेत फार कामाचा आहे. आपल्या राज्यात वर्षाला किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात आणि त्याआधी बायांची वेगळी महिला ग्रामसभा घ्यायची असते. ग्रामसभेला गावच्या मतदारांपैकी १५ टक्के किंवा १०० जण, यातला जो आकडा कमी असेल तेवढी माणसं हजर लागतात. त्या १०० जणांत आपण का नसावं? पाण्याच्या टाकीचा, अंगणवाडीच्या खोलीचा, दारूबंदीचा ठराव पावलांनीच पुढं जातो. आपली पावलं तिथं पोचली नाहीत, तर दुसऱ्यांच्या पावलांनी दुसरा ठराव पुढं जाईल.

शेवटचा अर्थ परीक्षेचा. आम्हाला सगळ्यात जास्त बोलायचं आहे ते यावर.

शुद्ध मराठीत पासला ‘उत्तीर्ण’ म्हणतात. गुणपत्रिकेवर वाचतो, पण अर्थ कोणी सांगत नाही. संस्कृतात ‘तॄ’ हा धातू आहे, त्याचा अर्थ तरून जाणं, पार होणं. उत्तीर्ण म्हणजे पाण्यातून पलीकडच्या काठाला लागलेला. याच धातूपासून ‘तरणं’ आणि ‘तारणं’ आले. कर्जाला मागतात ते ‘तारण’ही तिथूनच. बघा, रोम कुठं आणि आपण कुठं! तरी दोघांच्याही मनात एकच चित्र आलं: परीक्षा म्हणजे ओलांडायची जागा. त्यांनी पावलानं ओलांडली, आपण पाण्यातून.

मग नापास म्हणजे काय? ‘ना’ फारसीतला, नाराज आणि नालायकमधला. ‘पास’ इंग्रजी. दोघांचं लग्न लागलं ते आपल्या अंगणात. नापास म्हणजे न ओलांडलेला, अजून अलीकडच्या काठावर असलेला. एवढाच अर्थ आहे. दुसरा शब्द ‘फेल’. तो आला लॅटिनमधल्या फसवणं, पाय घसरवणं अशा अर्थाच्या शब्दावरून. लाइटीच्या तारेत होतो तो ‘फॉल्ट’ही त्याच घरचा. म्हणून फेल म्हटलं की माणसातच खोट आहे असं वाटतं. नापास म्हटलं की फक्त काठ लांब आहे.

कयाधूला पूर आला आणि पलीकडं जाता आलं नाही, तर आपण काय करतो? ओसरायची वाट बघतो नाहीतर दुसरी वाट शोधतो. त्या माणसाला परत कधी नदी ओलांडायचीच नाही असं सांगत नाही. पण पोरगी गणितात १०० पैकी ३५ गुणांपर्यंत पोचली नाही की घरात काय बोलणं सुरू होतं ते आपल्या सगळ्यांना माहीत आहे. ‘बस झाली शाळा. स्थळं बघा.’ मुलगा नापास झाला तर त्याला पुन्हा बसवतात, क्लास लावतात. मुलीचा काठ मात्र त्याच दिवशी कायमचा बंद होतो.

म्हणून या वाटा नीट ऐकून ठेवा. निकालानंतर काही आठवड्यांतच पुरवणी परीक्षा असते. तिचा अर्ज शाळेतूनच भरायचा. एक-दोन विषय राहिले तरी एटीकेटीच्या सवलतीनं अकरावीला प्रवेश मिळू शकतो. शाळा मध्येच सुटलेल्या मुलीला, बाईलाही, १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी-बारावीला बसता येतं. त्याची चौकशी जवळच्या हायस्कूलमध्ये करा. ग्रामीण भागातल्या मुलींना शाळेसाठी बारावीपर्यंत एसटीचा मोफत पास मिळतो. मार्च २०२३ पासून आपल्यालाही एसटीत निम्मंच तिकीट आहे. म्हणजे चौकशीला जायचं तर वाट स्वस्त झाली आहे.

आपलं गाव चालणाऱ्या माणसाचं आहे. नामदेव महाराजांची पावलं पंढरपूरपासून पार पंजाबातल्या घुमानपर्यंत गेली. त्यांची ६१ पदं गुरू ग्रंथसाहिबात आहेत आणि पंजाबातले भाविक आज नरसीला येतात. पंढरीच्या महाद्वारातली पायरी त्यांच्या नावानं ओळखली जाते. तिच्यावर कपाळ टेकवून आपण पुढं जातो, पण तिच्यापाशी कोणाला अडवत नाहीत.

तर येत्या बैठकीत तीन गोष्टी करा. पासबुक आणून शिल्लक मोठ्यानं वाचा. पुढची महिला ग्रामसभा कधी आहे ते ग्रामपंचायतीत विचारून वहीत तारीख लिहा. आणि आपल्या गल्लीत कोणती पोरगी अलीकडच्या काठावर थांबली आहे, तिचं नाव घ्या. तिच्या आईला भेटायला कोण जाणार तेही तिथंच ठरवा. एकटीनं नका जाऊ, दोघी-तिघी मिळून जा.

रामकृष्ण हरी.