लोक्त्याची वही



मठात ग्रंथांविषयी पुष्कळ बोलले जाते. ग्रंथ ज्यावर टिकतो त्या कागदाविषयी क्वचितच. म्हणून आज नेपाळातील लोक्ता कागदाविषयी दोन शब्द.

लोक्ता हे हिमालयात सुमारे १६०० ते ४००० मीटर उंचीवर वाढणारे झुडूप होय. त्याची आंतरसाल राखेच्या क्षारजलात शिजवावयाची, मोगरीने कुटावयाची, आणि तो लगदा पाण्यावर तरंगणाऱ्या चौकटीत ओतून चौकटीसकट उन्हात वाळवावयाचा. तंतू लांब, म्हणून कागद चिवट. कसर त्यास सहसा शिवत नाही. नेपाळातील कित्येक जुन्या पोथ्यांच्या कागदास हरताळाचा पिवळा लेप दिलेला आढळतो. चुकलेले अक्षर लोपविण्यासही हरताळच लावीत. ‘हरताळ फासणे’ हा आपला वाक्प्रचार त्यातूनच आला.

खरे मर्म मात्र कापणीत आहे. झुडूप जमिनीच्या किंचित वर कापले तर पुन्हा फुटते आणि पाच ते आठ वर्षांत साल देते. मुळासकट उपटले, की संपले! १९८० नंतरच्या दशकात युनिसेफच्या शुभेच्छापत्रांसाठी भक्तपुरात या कागदाचे काम वाढले. आज त्याच्या हातशिलाईच्या वह्या दूरदेशी जातात. मागणी वाढली, की कोयत्यास पाच वर्षे थांबण्याचा धीर कोठून राहणार? शिवाय शिजविण्याचे सरपणही रानातलेच. तेव्हा अशी वही घेणाऱ्याने पोत पाहण्याआधी साल कोणत्या रानातली व कशी काढलेली, हे विचारावे. नेपाळातील काही सामुदायिक वनांत ही तोड पाळीपाळीने होते. तेथल्या वहीस दोन पैसे अधिक पडले तरी ते द्यावेत.