बस उभी किती वेळ राहते?
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सूत्रसंचालकांनी मला सांगितलंय की विजेच्या बसबद्दल दहा मिनिटं बोल, पण सगळ्यांना कळेल असं बोल. हा सूत्रसंचालक दहावीत माझ्या मागच्या बाकावर बसायचा, तेव्हा टोमणा समजला. पण मी उभा राहायला तयार झालो त्याचं कारण वेगळं आहे. मला एक कबुली द्यायची आहे, आणि जिच्यापुढे द्यायची त्या आपल्या गणिताच्या बाई पहिल्या रांगेत बसल्या आहेत. ती शेवटी देतो. आधी धीर गोळा करतो.

आपण 1984 च्या दहावीचे. निम्म्या वर्गाचे वडील गिरणीत, आणि 1982 च्या जानेवारीपासून गिरण्या बंद. माझे वडील, अण्णा, बेस्टमध्ये होते म्हणून आमच्या घरात पगार यायचा. अण्णा मुळात ट्रामचे कंडक्टर. 31 मार्च 1964 ला बोरीबंदरहून शेवटची ट्राम दादरला आली आणि ते बसवर गेले. दादर टी.टी. मधला टी.टी. म्हणजे ट्राम टर्मिनस, हे आजच्या पोरांना सांगावं लागतं. ट्राम गेली, टी.टी. राहिलं.

सांगायचा मुद्दा असा की विजेवर चालणारी गाडी परळ-दादरच्या रस्त्याला नवीन नाही. मुंबईत विजेची ट्राम 7 मे 1907 ला सुरू झाली. पुढे 1962 ते 1971 या काळात गवालिया टँक ते माझगावपर्यंत ट्रॉलीबसही धावली. रबरी टायरची बस, पण डोक्यावर तारा. या दोन्ही गाड्यांना एक सुख होतं. वीज तारेतून सतत मिळायची, चार्जिंगसाठी उभं राहणं हा प्रकारच नव्हता. आपण तारा काढल्या आणि वीज बॅटरीत भरून गाडीच्या पोटात ठेवली. तेव्हापासून आमच्या धंद्यात सगळा खेळ एकाच प्रश्नाचा आहे : गाडी उभी किती वेळ राहते, कुठे आणि कधी?

मधल्या काळात हायब्रिड आली. 2016 मध्ये नवी मुंबईच्या परिवहन उपक्रमाने व्होल्वोच्या पाच हायब्रिड गाड्या घेतल्या. 2018 मध्ये एमएमआरडीएने टाटांच्या 25 हायब्रिड गाड्या वांद्रे-कुर्ला संकुलासाठी आणल्या आणि त्या बेस्टने चालवल्या. हायब्रिड म्हणजे एकाच गाडीत डिझेल इंजिनही आणि विजेची मोटरही. ब्रेक मारला की मोटर उलट जनरेटरचं काम करते, बॅटरीत थोडी वीज जमा होते, आणि स्टॉपवरून निघताना तीच वापरली जाते. लालबाग ते दादर किती वेळा ब्रेक लागतो ते तुम्हाला माहीत आहे, म्हणजे जमा बरीच होत असणार. पण दोन संसार एका खोलीत, अशी ही गाडी. दोन्हींची देखभाल, दोन्हींचं वजन.

त्याच हायब्रिडची पुढची पायरी स्वीडनमध्ये गोथेनबर्गला 2013 साली रस्त्यावर आली. शेवटच्या स्टॉपवर गाडी सहा-सात मिनिटं उभी राहायची, टपावरून झटपट चार्ज व्हायची आणि पुढचे साधारण सात किलोमीटर जवळजवळ विजेवरच जायची. जिनिव्हात तर पूर्ण विजेची गाडी वाटेतल्या काही ठरावीक स्टॉपवर, प्रवासी चढेउतरेपर्यंत, वीसेक सेकंद 600 किलोवॅटने वीज घेते. मला हे आपल्याकडे हवं होतं, अजून हवं आहे. आपले मार्ग लहान, थांबे जवळजवळ. पण शेवटच्या स्टॉपवर सहा मिनिटं गाडी उभी करायला जागा लागते, आणि तिथे आपल्याकडे आधीच वडापावची गाडी, दोन टॅक्सी आणि गणपतीचा मंडप असतो. मंडपावर माझा आक्षेप नाही, मीही वर्गणी देतो.

तेव्हा आपण निवडलं ते डेपोत चार्जिंग. नोव्हेंबर 2017 मध्ये बेस्टच्या पहिल्या विजेच्या बस बॅकबे डेपोतून निघाल्या, त्या लहान होत्या. आता बारा मीटरच्या आणि दुमजलीसुद्धा आहेत.

आता थोडं गणित. बाई, चुकलो तर थांबवा. मोठी एसी बस किलोमीटरला साधारण सव्वा युनिट खाते. दिवसाला 180 किलोमीटर धावली तर 225 युनिट. 50 किलोवॅटच्या चार्जरवर याला साडेचार तास लागतात, म्हणजे रात्र. 200 किलोवॅटच्या चार्जरवर कागदावर तासाच्या थोडं वर. पण अशा दहा गाड्या एकदम लावल्या तर 2000 किलोवॅट. आपल्या नायगावच्या बीडीडी चाळीत एका इमारतीत 80 खोल्या. खोलीला दोन किलोवॅट धरले तर बारा-तेरा चाळी एकाच वेळी सगळं चालू करून बसल्यासारखं. फीडरने काय करावं?

मी व्हीजेटीआयमधून डिप्लोमा करून याच कामात पडलो आणि काही वर्षांपूर्वी शहरातल्या एका डेपोचं चार्जिंगचं वेळापत्रक मी बनवलं. डेपोचं नाव घेत नाही, कारण चूक डेपोची नव्हती. गाड्या सकाळची ड्युटी करून दुपारी येणार, प्रत्येकी 45 मिनिटं चार्ज होणार, संध्याकाळच्या गर्दीला बाहेर. चार्जर पुरेसे होते. सरासरी काढून पाहिलं होतं.

पहिल्याच आठवड्यात, ऐन मेमध्ये, गाड्या सरासरीने आल्या नाहीत. ट्रॅफिकमध्ये अडकलेल्या गाड्या येतात तशा तीन-तीन एकदम आल्या. आमच्या चार्जरला दोन गन, दोन्ही लावल्या की वीज निम्मी-निम्मी होते. हे मला माहीत होतं, हिशेबात धरलं नव्हतं. उन्हात तापलेली बॅटरी स्वतःच वीज कमी घेते. आणि ऐंशी टक्क्यांनंतर ती जेवण झालेल्या माणसाला पोळी वाढावी तशी नाही-नाही करते. 45 मिनिटांची दीड तास झाली. संध्याकाळी नऊ गाड्या डेपोतच उभ्या. ड्रायव्हर गाडीच्या सावलीत बसून माझ्याकडे बघत होते. कोणी काही बोललं नाही, तेच जास्त लागलं.

त्या वर्षी गुरुपौर्णिमेला मी बाईंकडे गेलो. बोलता बोलता बाई म्हणाल्या, मे महिन्यात एकदा बहिणीला टाटा हॉस्पिटलमधून केमो घेऊन आणत होते, परळच्या स्टॉपवर एक तास दहा मिनिटं बस नाही. जवळचं भाडं म्हणून टॅक्सीवाले थांबेनात. बहीण फुटपाथच्या कठड्यावर बसली होती. मी तारीख विचारली. बाई, तुम्हाला वाटलं असेल हा तारीख कशाला विचारतोय. तारीख तीच होती, आणि मार्गही तोच. मी चहा प्यायलो, नमस्कार केला आणि काही न सांगता जिना उतरलो.

उतरताना आठवला आठवीतला पावसाळा. आपण हिंदमाताच्या गुडघाभर पाण्यातून भिजून वर्गात आलो होतो आणि बाई सरासरी शिकवत होत्या. त्या म्हणाल्या होत्या, हिंदमाताच्या पाण्याची वर्षभराची सरासरी काढा, घोटाही भिजणार नाही. मग तुमच्या चड्ड्या कशा भिजल्या? सगळा वर्ग हसला होता. मीही हसलो होतो.

नंतर वेळापत्रक बदललं. गाडी पूर्ण भरायचा हट्ट सोडला. आता सकाळी दहानंतर जी गाडी येईल तिला पंधरा-वीस मिनिटं वीज द्यायची, सत्तर टक्के झाली की पुन्हा रस्त्यावर. ऐंशीच्या वरचं सगळं रात्री, सावकाश. एका चार्जरची दुसरी गन दुपारी कुलूप लावून ठेवतो, म्हणजे कोणी मोहात पडून वीज निम्मी करत नाही. आणि एक चार्जर कायम रिकामा. वरिष्ठांनी विचारलं, हा महागाचा चार्जर रिकामा का? मी म्हटलं, एकदम येणाऱ्या तीन गाड्यांसाठी. त्यांना पटायला दोन महिने लागले.

बाई, तुमच्या बहिणीची क्षमा मागायची राहून गेली, त्या आता नाहीत. तुमची मागतो. तो मार्ग अजून चालू आहे आणि त्याच डेपोतून गाड्या येतात. वीस मिनिटांत बस आली नाही तर मला फोन करा. नंबर तुमच्या वहीत आहे तोच आहे.