बांधकाम परवानगी, संगणक आणि नदीकाठचे नगर



घर बांधण्यापूर्वी नगरपालिकेची परवानगी घ्यावी लागते, हे सर्वांस ठाऊक आहे. ती कशासाठी घ्यावयाची, याचा विचार मात्र क्वचितच होतो. शेजाऱ्याची हवा व उजेड अडू नये, रस्ता अरुंद होऊ नये, आग लागल्यास बंब आत शिरावा आणि घर पुराच्या पाण्यात उभे राहू नये, ही चार साधी कारणे या परवानगीच्या मुळाशी आहेत. हे काम आता अनेक राज्यांत संगणकाच्या आज्ञावलीकडे, म्हणजे रूढ शब्दांत सॉफ्टवेअरकडे, सोपविण्यात आले आहे. त्याची चर्चा सहसा मोठ्या शहरांच्या उदाहरणांनी होते. लहान नगरांपुढील प्रश्न निराळे असतात, म्हणून येथे धरमपुरीचे उदाहरण घेतले आहे.

धरमपुरी हे मध्य प्रदेशातील धार जिल्ह्यात नर्मदेच्या उत्तर तीरावर वसलेले जुने नगर. 1948 पर्यंत ते धारच्या पवार संस्थानात मोडत होते, त्यामुळे मराठी कारभाराशी त्याचा संबंध जुना आहे. आज तेथे नगर परिषद आहे. मध्य प्रदेशात 16 महानगरपालिका, 99 नगरपालिका आणि 298 नगर परिषदा, अशा एकूण 413 नागरी संस्था आहेत. नकाशांच्या मंजुरीसाठी त्या राज्याने स्वयंचलित प्रणाली आणली आणि कर, दाखले इत्यादी कामांसाठी ‘ई-नगरपालिका’ ही समाईक व्यवस्था उभारली.

जुनी कार्यपद्धती सर्वांच्या परिचयाची आहे. अर्ज आवक नोंदवहीत चढला की त्याची नस्ती बने व ती एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाई. ती कोठे व किती दिवस थांबली, हे अर्जदारास खेटे घातल्यावाचून कळत नसे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 मधील कलम 45 अन्वये साठ दिवसांत निर्णय न कळविल्यास परवानगी मिळाल्याचे मानले जाते. परंतु मुदत संपत आली असता एखादी त्रुटी काढावी आणि दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजावेत, ही पळवाट कागदी व्यवहारात नेहमीच उघडी राहिली.

आज्ञावलीने पहिली गोष्ट साधली ती येथे. वास्तुविशारद ठरलेल्या पद्धतीने रेखांकन सादर करतो. भूखंडाची सीमा, भिंती, जिने व मोकळी जागा त्यात वेगवेगळ्या स्तरांवर दाखविलेली असतात. संगणक ती मापे वाचून सामासिक अंतरे, उंची व चटईक्षेत्र नियमांशी ताडून पाहतो. शुल्काचा हिशेब तोच करतो. मुख्य म्हणजे, नस्ती कोणाकडे व कोणत्या तारखेपासून आहे, याची नोंद राहते. मध्य प्रदेशाने 2010 मध्ये लोकसेवा हमीचा कायदा देशात प्रथम केला. त्यात विलंबाबद्दल अधिकाऱ्यास दर दिवशी 250 रुपये, कमाल 5000 रुपयांपर्यंत, दंडाची तरतूद आहे. महाराष्ट्रात लोकसेवा हक्काचा कायदा 2015 मध्ये आला. तारीख निर्विवाद असेल तरच अशा कायद्यांस धार येते.

दुसरी गोष्ट नियमांच्या एकसूत्रीपणाची. नियमच संदिग्ध असेल तर संगणकास तो शिकविता येत नाही. महाराष्ट्रात डिसेंबर 2020 मध्ये एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू झाली. तिच्यात 150 चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावरील साध्या घरासाठी, नकाशे दाखल करून शुल्क भरल्याची पावती हीच परवानगी मानण्यात आली. लहान माणसास यामुळे मोठा दिलासा मिळाला.

येथवर सर्व हिताचेच आहे. तथापि धरमपुरीसारख्या नगरात खरा प्रश्न यापुढे सुरू होतो. सरदार सरोवराच्या बुडीत क्षेत्रात मध्य प्रदेशातील 192 गावांच्या जोडीने जे एकच नगर गणले गेले, ते धरमपुरी. पुढे धरणामागील पाण्याच्या फुगवट्याची पातळी नव्याने काढण्यात आली आणि सुमारे सोळा हजार कुटुंबे बुडिताबाहेर धरण्यात आली. त्यावरून दीर्घ वाद झाला. 2019 च्या सप्टेंबरात जलाशय प्रथमच 138.68 मीटर या पूर्ण पातळीपर्यंत भरला. सप्टेंबर 2023 मध्ये नर्मदेस मोठा पूर आला, तेव्हा धार व बडवानी जिल्ह्यांतील काठच्या वस्तीत पुन्हा पाणी शिरले.

अशा नगरात एखाद्याने घराचा नकाशा दाखल केला तर संगणक सामासिक अंतर अचूक मोजील. जोत्याची उंची नदीच्या कोणत्या पातळीशी ताडावयाची, हे मात्र त्यास कोणी तरी सांगितले पाहिजे. ती पातळी नोंदलेली नसेल, किंवा जुनीच राहिली असेल, तर नियमांत चोख बसलेले घर पाण्यात चोख बुडेल, आणि त्या घराच्या मालकाजवळ नगरपालिकेची परवानगी असेल. महाराष्ट्रात नदीकाठी निळी व लाल अशा दोन पूररेषा आखण्याची पद्धत आहे. निळी सुमारे पंचवीस वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल शंभर वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची. रेषा कागदावर असून भागत नाही. ती प्रत्येक भूखंडाच्या क्रमांकाशी जोडली गेली, तरच आज्ञावलीस दिसते.

जुन्या गावठाणाची अडचणही अशीच आहे. तेथे सामाईक भिंतींची घरे, वाकड्या गल्ल्या आणि वाटण्यांनी तुटलेल्या जागा असतात. नव्या अभिन्यासासाठी केलेली मापे तेथे लावली तर प्रत्येक अर्ज नामंजूर होईल, व लोक परवानगीवाचून बांधू लागतील. म्हणून दाट वस्तीचे नियम प्रणालीत स्वतंत्रपणे भरले पाहिजेत, आणि जागेवर जाऊन पाहणारा माणूस हवाच.

तिसरा धडा डिसेंबर 2023 मधील आहे. त्या महिन्यात ‘ई-नगरपालिका’ व्यवस्थेवर संगणकीय हल्ला झाला आणि राज्यभरातील नागरी संस्थांची ऑनलाइन कामे खोळंबली. एकाच ठिकाणी सर्व दप्तर ठेवल्याने कारभार सुटसुटीत होतो, पण कुलूप एकच असल्याने ते तुटले की सर्वांचेच दार उघडे पडते. पूर्वी एका कचेरीस आग लागली तर एका गावाचे दप्तर जळे. आता तेवढ्याने भागत नाही.

या सर्वांवरून लहान नगरपालिकांनी काही गोष्टी आपल्या हाती ठेवाव्यात. नदीकाठच्या प्रभागांच्या पातळ्या प्रथम मोजून घ्याव्यात, त्या प्रणालीत भराव्यात आणि प्रत्येक मोठ्या पुरानंतर तपासाव्यात. अर्जातील त्रुटी एकाच वेळी व लेखी कळवाव्यात. ज्यास संगणक हाताळता येत नाही, त्याच्यासाठी कचेरीत मदतीची खिडकी असावी. नाही तर पूर्वीच्या मध्यस्थाची जागा नवा मध्यस्थ घेईल. दिवसभरातील अर्ज व निर्णयांची यादी रोज छापून, सहीनिशी, कार्यालयात जपावी आणि यंत्रणा बंद पडल्यास आवक नोंदवही त्याच दिवशी सुरू व्हावी. मंजुरीखाली यंत्राच्या शिक्क्याबरोबर जबाबदार अधिकाऱ्याचे नाव व पद असावे.

आज्ञावली मोजते, लक्षात ठेवते आणि विलंब उघड करते. या तिन्ही बाबतींत ती कारकुनाहून सरस आहे. परंतु श्रावण-भाद्रपदात नर्मदेचे पाणी घाटाच्या कितव्या पायरीपर्यंत चढते, हे काठावर राहणाऱ्यांना ठाऊक असते. ती माहिती मापात घालून, तपासून, दप्तरात आणणे हे नगर परिषदेचे काम आहे. ते झाले, तरच दिलेल्या परवानगीच्या भरवशावर माणसाने आयुष्याची पुंजी जोत्यात घालावी, असे म्हणता येईल.