यंत्राची उजळणी आणि माणसाचा संवाद



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ हे व्याख्यान होते, त्यांच्याच हाताखाली मी या शाळेत संस्कृत व्याकरण शिकलो. पुढचे माझे आयुष्य बडोद्यातच जर्मन शिकवण्यात गेले. म्हणून परकी भाषा शिकताना संगणक आणि मोबाईल यांचा उपयोग किती व कसा करावा, हा विषय मी आज निवडला आहे. त्यात माझ्या एका चुकीची कबुलीही आहे.

गुरुजींची एक पद्धत आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. तासाच्या आरंभी ते कालचा शब्द विचारीत, मग गेल्या आठवड्यातला आणि मग अचानक दोन महिन्यांपूर्वीचा. जो अडखळे, त्याला तोच शब्द दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारला जाई. आम्हांला तो जाच वाटे. त्यामागचे शास्त्र मला फार उशिरा कळले. हेरमान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने निरर्थक अक्षरसमूह स्वतः पाठ करून विस्मरणाचा वेग मोजला आणि १८८५ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. विसरणे आरंभीच्या काही तासांत सर्वांत वेगाने होते आणि अंतराअंतराने केलेली उजळणी एका बैठकीतल्या घोकंपट्टीपेक्षा अधिक टिकते, असे त्याला आढळले. १९७२ मध्ये सेबास्टियान लाइटनर यांनी कप्प्यांची पेटी सुचवली. उत्तर आले की चिठ्ठी पुढच्या कप्प्यात, चुकले की पुन्हा पहिल्या कप्प्यात. पुढचा कप्पा अधिक दिवसांनी उघडायचा. १९८७ मध्ये पोलंडच्या प्योत्र वोझ्नियाक यांनी उजळणीचे असे वेळापत्रक संगणकावर आणले. गुरुजी चाळीस मुलांचे जे डोक्यात ठेवीत, ते आज हातातला मोबाईल प्रत्येकासाठी स्वतंत्र ठेवतो. हे ऋण आपण मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजे.

मी मात्र ते वेळेवर मान्य केले नाही. काही वर्षांपूर्वी आपल्या शाळेची एक माजी विद्यार्थिनी माझ्याकडे आली. ती परिचारिका होती. जर्मनीत तिच्या व्यवसायासाठी साधारणतः बी-२ पातळीचे जर्मन लागते. तिने दिलेल्या परीक्षेत वाचन, श्रवण, लेखन आणि संभाषण असे चार भाग होते; प्रत्येकात १०० पैकी ६० गुण आवश्यक. तीन भागांत ती उत्तीर्ण झाली होती, संभाषणात तिला ५२ गुण पडले. घरावरचे कर्ज याच नोकरीतून फिटायचे होते. सारे जर्मन ती मोबाईलवर शिकली होती, हे ऐकताच मी म्हणालो, "आधी तो मोबाईल बाजूला ठेव आणि वर्गात येत जा."

ती शांतपणे म्हणाली, "सर, माझी ड्यूटी दर आठवड्याला बदलते. नाइट ड्यूटीत तीन वाजता अर्धा तास मिळतो, तीच माझी शाळा. आणि तुम्हीसुद्धा रेडिओवरच शिकलात ना?"

मी निरुत्तर झालो. तारुण्यात लघुलहरींवरच्या खरखरीतून डॉइच वेले ऐकत मी माझा कान तयार केला होता. निसटलेले वाक्य तेव्हा पुन्हा मिळत नसे. आज तीच संस्था सावकाश वाचलेल्या बातम्या लिखित मजकुरासह उपलब्ध करून देते. एकच वाक्य हवे तितक्या वेळा ऐकता येते. मला जे लाभले असते तर मी सोडले नसते, ते तिने का सोडावे?

मग उणीव कोठे होती? मला ती दोन ठिकाणी आढळली. त्या संभाषणात आधी लहानसे भाषण करायचे असते आणि नंतर दुसऱ्या परीक्षार्थीशी चर्चा. मोबाईलने तिला हजारो प्रश्न विचारले होते. तिचे म्हणणे मात्र कधी खोडून काढले नव्हते. समोरचा "मला हे पटत नाही" म्हणाला आणि ती गप्प झाली.

दुसरी उणीव अशी की, ती जर्मन इंग्रजीतून शिकली होती. इंग्रजीत निर्जीव वस्तूंच्या नामांनाही लिंग असण्याची रीत नाही. त्यामुळे मुलगी या अर्थाचा 'मेडशन' हा शब्द नपुंसकलिंगी कसा, हे तिला कोडेच होते. मी विचारले, "लेकरू, कोकरू, पाखरू यांना आपण काय म्हणतो? तो, ती की ते?" ती हसली. 'शन' हा लघुत्वाचा प्रत्यय लागला की जर्मन नाम नपुंसकलिंगी होते. मराठीतही लहानग्यांची कितीतरी नामे तशीच आहेत. 'वाइल इश म्यूडे बिन' यात क्रियापद शेवटी का, हाही प्रश्न "कारण मी दमलेली आहे" असे म्हणणाऱ्या मुलीला पडू नये. सगळेच जुळते असे नव्हे. जर्मनांचा सूर्य स्त्रीलिंगी आहे. परंतु तीन लिंगांची सवय आपल्याला, आणि आपल्या गुजराती शेजाऱ्यांनाही, घरातच लागते. हे भांडवल तिच्यापाशी होते. ते वापरायला कोणी सांगितले नव्हते.

आता संवाद करणारी यंत्रेही आली आहेत. ती मराठीतून समजावतात, सांगितले तर विरोधही करतात. पण त्यांना ते सांगावे लागते. काय विचारावे हे शिकवणे, हे आता शिक्षकाचे काम आहे.

आम्ही बेत बदलला. उजळणी मोबाईलवरच राहिली. ती आपले भाषण मुद्रित करून पाठवी. मी सवडीने ऐकून चुका कळवी. रविवारी जर्मनीत राहणारा आपला एक माजी विद्यार्थी पडद्यावर येई आणि तिच्या प्रत्येक मताला मुद्दाम हरकत घेई. चार महिन्यांनी ती संभाषणात उत्तीर्ण झाली. तिथून तिने पहिल्याच पत्रात कळवले, "एक आजोबा औषध घ्यायला तयार नव्हते. मी गप्प बसले नाही. त्यांची समजूत घातली."

शाळेला माझी एक विनंती आहे. आपला संगणककक्ष रविवारी सकाळी दोन तास उघडा ठेवावा. परदेशातील माजी विद्यार्थ्यांनी आळीपाळीने तेथे पडद्यावर यावे आणि मुलांशी बोलावे. शक्य तर थोडे भांडावे. उजळणी यंत्र करील. गुरुजींचे उरलेले काम आपण करू.