परदेशातलं पोर, आपल्या मांडीवर



मालवणात दत्तक म्हटलं की बहुधा घरातलंच मूल. भावाला दोन-तीन मुलगे, आपली कूस रिकामी, मग एक आपल्या ओटीत. भटजी, चार जाणती माणसं, मांडीवर बसवलेल्या पोराचा फोटो आणि दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेलं दत्तकपत्र. 1956 च्या हिंदू दत्तक कायद्यानेही या रीतीचं मर्म राखलं. दत्तहोम सक्तीचा नाही, पण मूल प्रत्यक्ष दिलं-घेतलं पाहिजे. एवढ्यावर पुढे सातबाराला वारस लागतो.

आता भाऊ अमेरिकेत आहे आणि पोर तिथेच जन्मलंय, असं धरा. जन्माबरोबर त्याला तिथलं नागरिकत्व मिळालं. असंच एक प्रकरण जुलै 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने निकाली काढलं. मूल 2019 मध्ये अमेरिकेत जन्मलेलं, नात्यातलं, काही महिन्यांचं असताना इथे आणलेलं आणि इथेच वाढलेलं. केंद्रीय दत्तक प्राधिकरण, म्हणजे ‘कारा’, नोंदणी करायला तयार नव्हतं. न्यायालयानेही सांगितलं की अमेरिकी नागरिक असलेलं मूल दत्तक घेण्याचा मूलभूत हक्क कुणाला नाही. ते मूल निराधार नाही, कायद्याशी संघर्षात आलेलंही नाही. म्हणून बाल न्याय कायदा त्याला लागूच होत नाही. आधी अमेरिकेच्या कायद्याने दत्तक घ्या, मग इथे या.

‘तो आमचोच झील, मगे कागद कित्याक?’ असं इथे कुणीतरी मनात म्हणत असेलच. निकाल कायद्याला धरून आहे, असं माझं मत. खोट कायद्यात आहे, आणि तिला इतिहास आहे. लक्ष्मीकांत पांडे या वकिलाच्या पत्रावरून 1984 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विदेशी दत्तकावर निर्बंध घातले, ते आपली मुलं बाहेर विकली जाऊ नयेत म्हणून. कारा आली ती त्यातूनच. पुण्याच्या अनाथाश्रमातून स्थळेकर दांपत्याने नेलेली लिसा पुढे ऑस्ट्रेलियाची क्रिकेट कर्णधार झाली. पण प्रत्येक मुलाच्या नशिबी असं घर येत नाही, म्हणून ते निर्बंध हवेच होते. मात्र सगळं लक्ष बाहेर जाणाऱ्या मुलांवर राहिलं. बाहेरून आत येणाऱ्या पोराचा विचार दत्तक नियमावलीत जेमतेम एका कलमापुरता झाला.

ते कलम काय सांगतं? दत्तकविधान त्या देशाच्या कायद्याने तिथेच पुरं करायचं. देशादेशांतल्या दत्तकाबाबतच्या हेग कराराच्या कलम 5 आणि 17 खालची मंजुरी काराने द्यायची. मुलाकडे परदेशी पासपोर्ट असेल तर भारतीय वकिलातीकडून व्हिसा, आणि तिच्यामार्फतच गृहमंत्रालयाची प्रवेशपरवानगी. भारताने 2003 मध्ये हा करार मान्य केला. त्यानुसार रीतसर झालेलं आणि तसा दाखला मिळालेलं दत्तक इतर सदस्य देशांनी मानायचं असतं. आपल्याकडचं नुसतं दत्तकपत्र तिथे चालत नाही.

नागरिकत्व ही आणखी वेगळी पायरी. मुंबईतून लहानपणी अमेरिकेत दत्तक गेलेल्या एका बाईचे नागरिकत्वाचे सोपस्कार राहून गेले होते. एका गुन्ह्यात शिक्षा झाल्यावर 2008 मध्ये तिला भारतात परत पाठवलं. दत्तक जाऊनही ती तिथे परकीच ठरली.

नात्यातल्या परदेशी मुलासाठी संसदेने स्वतंत्र तरतूद करावी, ही मागणी आपण लावून धरली पाहिजे. तोवर ज्यांच्या घरात असा विचार चालला असेल त्यांनी पोराला विमानात बसवण्याआधी ओरोसला जिल्हा बाल संरक्षण कक्षात जाऊन विचारावं. बारसं आणि जेवणावळ मग करा.