द्राक्षाच्या खोऱ्यातलं पुस्तकवाचन

(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



सकाळपासून कापसाच्या भावावर बरंच बोलणं झालं. आमच्या वाट्याला विषय आला आहे साहित्याचा, आणि तोही परदेशातल्या. पऱ्हाटी आणि ज्वारीवाल्यांना त्याचं काय, असं कुणाच्या मनात येईल. पण जरा ऐकून घ्या.

दक्षिण आफ्रिकेत केपटाऊनपासून पाऊणशे किलोमीटरवर फ्रान्सहूक नावाचं खोरं आहे. नावाचा अर्थ फ्रेंचांचा कोपरा. धर्माच्या छळाला कंटाळून फ्रान्समधून निघालेली कुटुंबं १६८८ साली केपला उतरली. डच कंपनीने त्यांना जमिनी दिल्या, त्यांनी द्राक्षं लावली. राबायला गुलाम होते. केपच्या गुलामांत बंगाल, मलबार आणि कोरोमंडल किनाऱ्यावरून जहाजात कोंबून नेलेली आपली माणसंही होती. १८३४ साली गुलामी कायद्याने गेली, पण सक्तीची उमेदवारी सरून माणसं खरोखर मोकळी व्हायला १८३८ उजाडलं.

या खोऱ्यात २००७ पासून लेखकांचा मेळा भरू लागला. महिना मे. आम्ही शेतकी शिकलेले, म्हणून आमची नजर आधी या महिन्यावर गेली. तिथं पाऊस हिवाळ्यात पडतो, उन्हाळा कोरडा. दारूच्या द्राक्षांची तोडणी जानेवारीअखेरीपासून एप्रिलपर्यंत चालते. मे महिन्यात वेलीची पानं पिवळी-तांबडी होऊन गळतात. पाहुण्याला खोरं चित्रासारखं दिसतं. तोडणी संपलेली, छाटणी यायची, म्हणजे हंगामी मजुराच्या हाताला मात्र त्याच वेळी काम नाही. चर्चच्या नि शाळेच्या हॉलमधून लेखक आपल्या पुस्तकातलं वाचतात, तासभर चर्चा होते. बहुतेक बैठकींना तिकीट.

खोऱ्याच्या उतारावर लांगरूग नावाची झोपडपट्टी आहे. १९९० च्या दशकात मळ्यांतल्या मजुरांनी ती वसवली.

आपल्याकडे सालदाराचा करार होतो तेव्हा पैशाबरोबर ज्वारी ठरते. केपच्या मळ्यांवर मजुरीत दारू ठरायची. त्याला 'डॉप' म्हणत. दिवसातून अनेकदा भांडं भरून द्यायची, मळ्यात विकली न जाणारी हलकी दारू अशी खपवायची. माणूस व्यसनाला लागला की मळा सोडून जात नाही, हा त्यातला हिशेब. बंदी कागदावर आली तरी काही मळ्यांवर ही रीत १९९० च्या दशकापर्यंत चालली. गरोदर बायांच्या पोटातली मुलं अधू जन्मली. त्या प्रांतात या रोगाचं प्रमाण जगातल्या सर्वांत जास्त प्रमाणांपैकी आहे.

नोव्हेंबर २०१२ मध्ये त्याच प्रांतात, डी डॉर्न्सच्या खाण्याच्या द्राक्षांच्या मळ्यांतून मजुरांचा संप पेटला. किमान रोज ६९ रँड होता, मागणी १५० ची. संप गावोगाव पसरला, माणसं मेली. मार्च २०१३ पासून रोज १०५ झाला. मळेवाले म्हणत, एवढी मजुरी परवडत नाही, माल परदेशी दुकानदार ठरवील त्या भावात जातो. हे बोलणं आपल्या ओळखीचं आहे. आपणही वेचणीचा दर वाढवायची वेळ आली की हेच म्हणतो. ते खोटं नाही. पण वेचणाऱ्या बाईचं दुखणं त्याने कमी होत नाही, हेही खरं.

आता मूळ गोष्ट. २०१५ सालच्या मेळ्यात थांडो म्गोलोझाना हा तरुण काळा कादंबरीकार व्यासपीठावर होता. समोर बहुतेक गोरे श्रोते. त्याने तिथेच सांगितलं की हे लोक मला लेखक म्हणून ऐकत नाहीत, अभ्यासाचा नमुना म्हणून न्याहाळतात. यापुढे अशा मेळ्यांना मी येणार नाही. देशभर वाद झाला. संयोजकांची बाजू अगदीच लंगडी नव्हती. मेळ्याच्या निधीतून खोऱ्यातल्या शाळांना ग्रंथालयं मिळतात, लेखक शाळांत जाऊन मुलांना भेटतात. मजुराच्या पोराच्या हातात पुस्तक पडतं, याला आम्ही नावं ठेवणार नाही. पण दिलेलं पुस्तक वेगळं आणि कोणाला बोलवायचं हे ठरवणाऱ्या बैठकीतली जागा वेगळी.

आपल्याला हे नवं वाटायला नको. १८८५ साली न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्याच्या ग्रंथकार सभेला बोलावलं तेव्हा जोतीराव फुल्यांनी पत्र लिहून येण्याचं नाकारलं होतं. शेतकऱ्याचा असूड लिहून त्यांना तेव्हा दोनच वर्षं झाली होती. शूद्रांना माणूस म्हणून हक्क न देणाऱ्यांच्या सभेशी आमचं जमायचं नाही, असा त्या पत्राचा रोख.

म्गोलोझाना नुसता रुसून बसला नाही. डिसेंबर २०१६ मध्ये त्याने सोबत्यांना घेऊन सोवेटोत अबांटू पुस्तक मेळा उभा केला. सोवेटो म्हणजे जोहान्सबर्गची काळ्यांची वस्ती. गोऱ्यांची आफ्रिकान्स भाषा शाळेत लादली म्हणून १९७६ साली जिथं पोरांनी गोळ्या खाल्ल्या ती. तिथं श्रोते वस्तीतले, पुस्तकं त्यांच्या जगण्यावरची, प्रश्न विचारणारेही तेच.

कपाशीवाल्याच्या मरणावर कविता लिहिणारे आता पुष्कळ झाले. शहरात त्या वाचल्या जातात, ऐकणाऱ्यांचे डोळे ओले होतात. त्या हॉलमध्ये पऱ्हाटीचं झाड ओळखणारे किती असतात, ते बोलावण्याची चिठ्ठी हातात आली की मोजून घेत जा. आणि वेचणीहून आलेल्या मायबहिणींपैकी कुणाला आज इथं काही वाचायचं किंवा सांगायचं असेल, तर जेवणानंतरचा पहिला तास आम्ही मोकळा ठेवायला सांगितलं आहे.